दोन मिनिटांत आलेलं उत्तर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेदहाला पारोळ्याला कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एका मुलाचा प्रश्न आमच्या दुरुस्तीवाल्यांच्या गटावर आला. मी जळगावात गोलाणी मार्केटमध्ये दुकानाचं शटर वर करत होतो. प्रश्न असा होता: कृषी सेवा केंद्राच्या कॉम्प्युटरवर टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) उघडत नाही, सगळ्या फायलींच्या नावामागे चार अनोळखी अक्षरं लागलीत, प्रत्येक फोल्डरमध्ये रीडमी नावाची फाईल आलीय, काय करू? दोन मिनिटांत उत्तर आलं. ‘व्हायरस आहे. फॉरमॅट मार, नवीन विंडोज टाक.’ उत्तर देणारे सर आमच्यातले सर्वांत जुने. उत्तर चुकीचं आहे हे मला वाचताक्षणी कळलं होतं. तरी मी मोबाईल खिशात टाकला आणि आलेल्या गिऱ्हाईकाचा प्रिंटर उघडायला घेतला.

ज्यांनी मला मदरबोर्डवर सोल्डरिंग करायला शिकवलं, त्यांना सत्तर जणांसमोर चूक कसं म्हणायचं, एवढाच विचार तेव्हा डोक्यात होता.

आमचा गट २०१७ च्या मे महिन्यात सुरू झाला. वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस आला होता. त्याला अडवणारा विंडोजचा पॅच (दुरुस्तीचं अपडेट) मार्चमध्येच निघालेला होता, पण आमच्यातल्या बहुतेकांनी गिऱ्हाइकांचं अपडेट स्वतःच्या हाताने बंद करून ठेवलेलं. त्या भीतीतून जळगाव, धुळे, नंदुरबारचे दुरुस्तीवाले, क्लासवाले, शाळेतले कॉम्प्युटर शिक्षक एकत्र आलो. अडलेल्याने विचारायचं, ज्याला येतं त्याने सांगायचं. या धंद्यात फॉरमॅटचे पाचशे रुपये मिळतात, डेटा सुरक्षित ठेवण्याचा सल्ला दिला तर चहाही मिळत नाही. त्यामुळे हात आपोआप फॉरमॅटकडेच जातो.

रात्री त्या मुलाचा फोन आला. ‘दादा, विंडोज टाकलं, सगळं छान चालतंय. पण आबांची उधारी दिसत नाही. परत येईल ना?’ मी विचारलं, ‘डेटाचा डी ड्राईव्ह?’ तो म्हणाला, ‘तोही मारला. सरांनी फॉरमॅट म्हटलं होतं.’

सकाळी पाळधी, एरंडोल मागे टाकत मोटरसायकलने पारोळ्याला गेलो. केंद्राचे मालक आबा काउंटरमागे बसले होते, समोर खताच्या गोण्या. मृगात बियाणं उधार द्यायचं, खत, फवारणीची औषधं उधार द्यायची आणि कापूस विकला की वसुली करायची, हा त्यांचा तीस वर्षांचा हिशेब. पूर्वी तो लाल वहीत असायचा. ‘वही बंद करा, कॉम्प्युटर कधी चुकत नाही,’ असं त्यांना सांगणारे आम्हीच. आबा मला एवढंच म्हणाले, ‘आते काय करानं, भाऊ?’

जुनी फिरती हार्डडिस्क असती तर आशा होती. तिच्यावर झटपट फॉरमॅट मारला तरी फक्त अनुक्रमणिका पुसली जाते. आतला मजकूर जागेवर असतो, आणि त्यावर नवीन काही लिहिलं गेलं नसेल तर उकरून काढता येतो. पण ही चिपवर डेटा साठवणारी एसएसडी होती. फॉरमॅट करतानाच विंडोज तिला कळवतं की या जागा आता रिकाम्या, आणि मग ती आतल्या आत स्वतःच त्या साफ करते. ट्रिम म्हणतात त्याला. मी तीन वेगवेगळी रिकव्हरी सॉफ्टवेअर लावली. तिन्हींनी शून्यच दाखवले.

मग आबांच्या मुलाने खणातून एक पेनड्राईव्ह काढला. मार्चअखेरीला हिशेबनीसाने घेतलेला टॅलीचा बॅकअप त्यात होता. तो वर्षभर सीपीयूच्या मागेच खोचलेला, त्यामुळे त्याच्यावरही तीच चार अक्षरं चढली होती. पारोळ्याच्या मुलाने फॉरमॅटआधी तो काढून ठेवला, म्हणून तेवढा वाचला. मी त्याची आधी माझ्या डिस्कवर हुबेहूब प्रत घेतली आणि मूळ पेनड्राईव्ह पाकिटात घालून बंद केला. हे पहिलं काम. यात मी कुणाचंही ऐकत नाही.

रीडमीमध्ये फायली सोडवायचे ९८० डॉलर मागितले होते, ७२ तासांत दिले तर ४९०. ही खूण फायली कुलूपबंद करणाऱ्या स्टॉप-डीजेव्हीयू या व्हायरसच्या जातीची. ही जात बहुतेक वेळा क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून येते. इथे पोळ्याच्या दिवशी दुकानातल्या ऑपरेटरने लेबल छापायचं सॉफ्टवेअर मित्राच्या पेनड्राईव्हवरून टाकलं होतं. या जातीचं वागणं असं: तिला तिच्या मालकाच्या सर्व्हरशी बोलता आलं तर ती प्रत्येक बळीसाठी त्या कुलपाची वेगळी किल्ली आणते, आणि मग इलाज जवळजवळ संपतो. नेट नसेल तर ती पोटातली ठरलेली किल्ली वापरते. ती किल्ली त्या वाणाच्या सगळ्या बळींना सारखीच. अशा किल्लीचा ओळखक्रमांक ‘टी१’ने संपतो आणि तो बिघडवलेल्या प्रत्येक फाईलच्या शेपटीलाही लिहिलेला असतो.

मी फाईल तिचा कच्चा मजकूर दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये उघडली आणि तळाला गेलो. ओळखक्रमांकाची शेवटची दोन अक्षरं: टी१.

आबांना विचारलं, ‘त्या दिवशी नेट होतं?’ ते म्हणाले, ‘पाऊस होता, दुपारपासून बंद.’

एमसिसॉफ्ट या अँटिव्हायरस कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये या जातीसाठी कुलूप उघडणारी फुकट सोडवणूक दिली आहे. ठरलेली किल्ली त्यांच्या हाती लागलेली असेल तरच ती चालते. या वाणाची होती. मोबाईलचं नेट जोडून मी प्रतीवर ती चालवली आणि टॅलीचा बॅकअप मोकळा झाला. माझ्या लॅपटॉपवर ३१ मार्चची शिल्लक नावानिशी उघडली. आबांचा चेहरा उजळला. मग त्यांनी सावकाश विचारलं, ‘म्हणजे डी ड्राईव्हमधलंही उघडलं असतं?’

मी हो म्हणालो. पारोळ्याचा मुलगा दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला.

पुढचा आठवडा जून ते ऑगस्टची उधारी जुळवण्यात गेला. अनुदानाचं खत आधारचा अंगठा घेऊन पॉस मशीनवर विकलं जातं, म्हणून युरिया-डीएपी कुणी किती नेलं ते मिळालं. पण ते रोख नेलं की उधार, हे ते मशीन सांगत नाही. आबांनी करपात्र माल कुठून किती रुपयांचा घेतला ते जीएसटी पोर्टलवर होतं, शेतकऱ्यांना विकलेल्या मालाची मात्र तिथे नुसती बेरीज. बियाणं आणि औषधांची नावं कुठेच नव्हती. आबांनी गावोगाव निरोप धाडले. लोक घामाने विरघळलेल्या, चौघडी घातलेल्या पावत्या घेऊन आले. बरेच आले. सगळे नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले बँकेचे, पोर्टलचे सगळे पासवर्ड मी दुसऱ्या मोबाईलवरून बदलायला लावले, कारण या जातीसोबत अनेकदा पासवर्डचोरही येतो. चोराने नेलेला पासवर्ड फॉरमॅटने परत येत नाही, हे त्या दोन मिनिटांच्या उत्तरात नव्हतं.

पुढच्या रविवारी अमळनेरला आमची बैठक होती. गट कसा सुधारायचा यावर प्रत्येकाने नाव न घालता चिठ्ठी लिहायची, असं आधीच ठरलेलं. वाचायचं काम माझ्याकडे होतं. शहाद्याच्या बाजूच्या एका शिक्षिकेने लिहिलं होतं (कुणाची चिठ्ठी ते मजकुरावरून कळत होतं), की ती गटात विचारतच नाही, एकदा तिच्या प्रश्नाला हसले होते. कुणी लिहिलं होतं, आपण सल्ला देतो, पण त्या गिऱ्हाइकाचं शेवटी काय झालं हे कुणी येऊन सांगत नाही, त्यामुळे कोणता सल्ला बरोबर ते कळतच नाही. माझ्या मते सगळ्यांत मोलाची गोष्ट ती. आठ वर्षांत अशी एकही नोंद आम्ही ठेवलेली नाही. दवाखान्यात केसपेपर असतो, आमच्याकडे तेवढंही नाही. आणखी एकाने ‘आधी स्वतःचे क्रॅकचे पेनड्राईव्ह फेका’ असं लिहिलं होतं. सभागृहात त्यावर कुणी वर पाहिलं नाही. तसे पेनड्राईव्ह किती खिशांत आहेत ते सगळ्यांना ठाऊक होतं. माझा मी त्या रात्री मोडला.

पारोळ्याच्या मुलाची चिठ्ठी मी अक्षरावरून ओळखली. ‘माझ्या प्रश्नाला उत्तर द्यायला वेळ होता, तो वाचायला कुणाला नव्हता. रीडमीत काय लिहिलंय एवढं कुणी विचारलं असतं तर मी फोटो पाठवला असता.’

मी ती मोठ्याने वाचली. सर पहिल्या रांगेत होते. ते काही बोलले नाहीत, चहाला न थांबता निघून गेले. तेव्हापासून त्यांचा फोन नाही, मीही केलेला नाही. त्यांच्यावर राग धरणं सोपं आहे. पण त्यांना फाईलच्या शेपटीतला टी१ माहीत नव्हता. मला माहीत होता.

आता ठरलं आहे की कुठल्याही उत्तराआधी रीडमीचा फोटो आणि एका बिघडलेल्या फाईलची प्रत मागायची, नेटची वायर आणि पेनड्राईव्ह काढायला सांगायचं, आणि डिस्कची नक्कल झाल्याशिवाय ‘फॉरमॅट’ हा शब्द कुणी लिहायचा नाही. पटलं नाही तर वयाकडे न बघता तिथेच लिहायचं. हे शेवटचं मी घालायला लावलं. का, ते मात्र बैठकीत सांगू शकलो नाही.

आबांनी लाल वही पुन्हा सुरू केली आहे, कॉम्प्युटरच्या शेजारीच ठेवतात. दिवाळीआधी बॅकअपच्या दोन डिस्क द्यायला मी पारोळ्याला जाणार आहे. त्या सकाळी पावणेदहाला तो प्रश्न मीही वाचला होता, हे आबांना आणि त्या मुलाला तेव्हा सांगायचं आहे.