२४० लिटरचं जनावर

धुळ्यात जनावरांच्या औषधाच्या दुकानात फेनबेंडाझोल हे जंताचं औषध मागितलं की काउंटरवरून पहिला प्रश्न येतो, "गाय शे का म्हैस?" दुसरा प्रश्न वजनाचा. खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाकीसाठी हवंय म्हटल्यावर दुकानदाराने एकदा वर पाहिलं आणि दीड ग्रॅमचा बोलस, म्हणजे जनावरांची मोठी गोळी, समोर ठेवला. तो परत केला. कुत्र्यासाठीची १५० मिलिग्रॅमची गोळी मागितली आणि पाकिटामागचं बारीक अक्षर भिंगाने वाचलं. जंताच्या औषधात हल्ली दोन-तीन घटक एकत्र असतात. सोबत आयव्हरमेक्टिन असेल तर टाकीतली कोळंबी आणि खेकडे गेलेच म्हणून समजा. प्राझिक्वांटेल, पायरँटेल यांचंही आपल्याला काम नाही. नुसतं फेनबेंडाझोल असलेल्या पाकिटासाठी पुढच्या गल्लीत जावं लागलं.

टाकी दातांच्या एका दवाखान्यातली, पेशंट बसतात त्या खोलीत. आतले दगड कृत्रिम, पण पाच-सहा वर्षं मुरलेले. दगडी प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत मोडतात, त्यामुळे इथे फक्त झोआ, मशरूम आणि एक मोठं लेदर, हे बिनहाडाचे मऊ प्रवाळ. क्लाउनफिशची जोडी, एक गोबी मासा, क्लीनर कोळंबी, हर्मिट खेकडे, गोगलगाई. डॉक्टरांची तक्रार होती की झोआ उघडत नाहीत आणि दगडावर "बुरशी" आली आहे.

भिंग आणि टॉर्च लावली तर बुरशीला देठ होते. दोन-तीन मिलिमीटरचा देठ, टोकाला बारीक शुंडकांचं कडं, आणि एका देठाकडून दुसऱ्याकडे दगडावरून सरपटत गेलेला धाग्यासारखा धावता. म्हणजे वसाहतीने वाढणारे हायड्रॉइड, प्रवाळांच्याच नात्यातले डंख मारणारे बारीक जीव. पिपेटने त्यांच्यावर पाण्याची हलकी फुंकर मारली. पंखाकिडा असता तर क्षणात नळीत शिरला असता, एप्टेशिया हे उपद्रवी समुद्रफूल असतं तर भोकात आखडलं असतं. हे नुसते डोलत राहिले. ओळख पटवायची ही पायरी गाळू नये, कारण पंखाकिडा निरुपद्रवी असतो आणि या औषधाने पहिला तोच मरतो.

आलेले कुठून, हे शोधण्यात अर्थ नव्हता. झोआच्या एखाद्या तुकड्याच्या बुडाला चिकटून येतात, महिनोन् महिने दिसत नाहीत. वाढले कशाने, हे मात्र स्पष्ट होतं. रोज संध्याकाळी आर्टेमिया या माशांच्या खाद्याचा आख्खा क्यूब आणि वर प्रवाळांच्या खाद्याची पावडर. त्यात कंपाउंडरने डॉक्टरांच्या टेबलावरचाच टूथब्रश घेऊन दगड टाकीतच घासला होता. घासलं की धावत्याचे तुकडे होतात, तुकडे प्रवाहाबरोबर फिरतात आणि बसतील तिथे नवी वसाहत धरतात. एका दगडावरची चार इंचांची चकती पंपांच्या जाळीवर आणि मागच्या काचेवर पोचली होती ती अशी. दोन-चार देठ असते तर सुपरग्लूच्या थेंबाखाली किंवा चुन्याच्या घट्ट लेपाखाली गाडले असते. एवढ्या पसाऱ्यावर तो उपाय चालत नाही.

फेनबेंडाझोल म्हणजे शाळेत मुलांना जंतासाठी देतात त्या ४०० मिलिग्रॅमच्या अल्बेंडाझोलच्याच कुळातलं, बेंझिमिडॅझोल गटातलं औषध. जंताच्या पेशीतल्या ट्यूबुलिनला ते धरतं, पेशीचा सांगाडा उभा राहत नाही आणि जंत उपाशी मरतो. सागरघोड्यांची पिल्लं वाढवणारे हे औषध हायड्रॉइडवर फार आधीपासून वापरतात. मात्रा शुद्ध औषधाच्या हिशोबाने लिटरला २ ते ३ मिलिग्रॅम.

आता लिटर मोजायचे. टाकी १२० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटर, पाणी ४२ सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे सुमारे २२७ लिटर. दगड आणि वाळू यांनी अडवलेली जागा ३५ लिटर धरून वजा केली, सम्पमधले, म्हणजे खालच्या फिल्टरच्या टाकीतले, ५० लिटर मिळवले. हाताशी सुमारे २४० लिटर. लिटरला अडीच मिलिग्रॅम घेतलं की ६०० मिलिग्रॅम, म्हणजे चार गोळ्या. तोच दीड ग्रॅमचा बोलस "एक गोळी" समजून टाकला असता तर अडीचपट मात्रा गेली असती. पावडर घेतली तर टक्केवारी बघा: २५ टक्क्यांची पावडर असेल तर ६०० मिलिग्रॅम औषधासाठी २.४ ग्रॅम पावडर तोलावी लागते, आणि तेही चमच्याने नाही, सोनाराच्या छोट्या काट्यावर.

पण औषध टाकणं हे या कामातलं सगळ्यात सोपं काम. त्याच्यासोबत दगडाच्या पोटात जे मरतं, ते सांभाळणं हे खरं काम. म्हणून आदल्या दिवशी १०० लिटरच्या ड्रममध्ये पाणी तयार करून ठेवलं. दवाखान्याच्या बोअरचा टीडीएस हजाराच्या घरात, त्यामुळे आधी आरओ, मग डीआय (उरलेसुरले क्षार काढणारा फिल्टर), मीटरवर शून्य दिसल्यावर मीठ: सुमारे पावणेचार किलो, पंप लावून रात्रभर ढवळत. क्षारता हजारात ३५, तापमान टाकीइतकंच, २६ अंश. टर्बो आणि ट्रोकस गोगलगाई वेगळ्या टबात काढल्या, कारण त्या या औषधाने मरतात. काढताना त्यांचे शिंपलेही बादलीत घासले, शिंपल्यावरही हायड्रॉइड वाढतात. नॅसारियस गोगलगाई, कोळंबी आणि खेकडे आतच ठेवले. कार्बन आणि फॉस्फेट शोषणारी मीडिया काढली, फिल्टर सॉक काढला, यूव्ही दिवा बंद केला. फेसातून घाण काढणारा स्किमर मात्र बंद केला नाही. त्याचा फक्त वरचा कप काढला, म्हणजे फेस परत सम्पमध्येच पडतो: औषध बाहेर जात नाही आणि हवा मिळत राहते. बॅटरीवरचा एअरपंप चार्ज करून बाजूला.

दिवस रविवारचा घेतला, पेशंट नसतात म्हणून. वेळ सकाळी आठची. दिवे लागले की प्रवाळांतलं शेवाळ प्राणवायू सोडतं आणि पुढचे दहा-बारा तास टाकी डोळ्यांसमोर राहते. रात्री औषध टाकून शटर ओढून घरी जाणाऱ्यांच्या टाक्या सकाळी उघडाव्या लागतात, त्या मला नको असतात. गोळ्या खलबत्त्यात पिठासारख्या कुटल्या. फेनबेंडाझोल पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, तरंगतं. म्हणून टाकीतलंच लिटरभर पाणी बाटलीत घेऊन पीठ खूप हलवलं आणि पंपाच्या तोंडाशी थोडं थोडं ओतलं. पाणी तासभर दुधाळ दिसलं.

दुपारपर्यंत काही नाही. चारच्या सुमारास पहिला ब्रिसल वर्म, दगडात राहणारा केसाळ किडा, दगडाबाहेर आला, दिवसाढवळ्या, उजेडात. मग दुसरा. पाचपर्यंत प्रत्येक भोकातून काही ना काही लोंबत होतं. बोटभर लांबीचे तर होतेच, एक सहज वीतभर होता. डॉक्टर खुर्ची ओढून समोर बसले होते. "भाऊ, हे सगळं इतकी वर्षं माझ्या टाकीत होतं?" होतं, आणि उरलेलं अन्न खाऊन टाकी साफ ठेवत होतं. हायड्रॉइड अजून उभेच होते, शुंडकं तेवढी आखूड झाली होती.

मेलेल्या किड्यांतून सुटणाऱ्या अमोनियाची चाचणी साडेपाचला लिटरला ०.२५ मिलिग्रॅम दाखवत होती, सातला ०.५. समुद्री पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो, त्यामुळे तेवढ्याच अमोनियाचा विषारी हिस्सा गोड्या पाण्यातल्यापेक्षा मोठा. दुसरीकडे प्राणवायू. २६ अंशांच्या खाऱ्या पाण्यात तो काठोकाठ भरला तरी लिटरला साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास राहतो, आणि मेलेले किडे कुजवणारे जिवाणू तोच ओढतात. गोबी पृष्ठभागाशी येऊन तोंड हलवू लागला तेव्हा सव्वासात झाले होते. त्यात वीज गेली. वैशाखात धुळ्यात संध्याकाळी वीज जाणं ही बातमी नव्हे, पण पाणी थंड ठेवणारा चिलर इन्व्हर्टरवर नव्हता.

एअरपंप सुरू केला, एक पॉवरहेड, म्हणजे प्रवाह देणारा पंप, इन्व्हर्टरवर घेऊन पृष्ठभागाकडे वळवला. पाणी तिथे उकळल्यासारखं हललं पाहिजे, नुसते बुडबुडे पुरत नाहीत. मग अर्ध्या इंची नळीने सायफन. पाणी काढायचं म्हणून नाही, किडे काढायचे म्हणून: नळीचं तोंड प्रत्येक भोकाशी नेऊन एकेक ओढला. हातमोजे घालावेत, मेलेल्या ब्रिसल वर्मचे केसही काचेसारखे टोचतात. ६० लिटर निघाले तेव्हा थांबलो, ड्रममधलं तेवढंच पाणी हळूहळू भरलं. २४० मधले ६० म्हणजे पाव भाग, म्हणून पाव मात्रा, एक गोळी, परत टाकली. उपचार इथेच सोडून देता आला असता, पण मग किड्यांची किंमत मोजून हायड्रॉइड मात्र अर्धमेले राहिले असते. अमोनिया दहाला ०.२५ वर उतरला, गोबी खाली वाळूवर गेला. वीज त्याआधीच आली होती, तोवर तापमान २७.५ झालं होतं. चिलरने रात्रभरात उतरवलं.

दुसरी पूर्ण मात्रा ४८ तासांनी, पुन्हा चार गोळ्या. या वेळी मरायला फारसं काही उरलं नव्हतं. पाचव्या दिवशी तीस टक्के पाणी बदललं, ताजा कार्बन लावला, सॉक आणि स्किमरचा कप परत बसवला. कप पहिले दोन दिवस सैल ठेवावा, फेस उसळून जमिनीवर येतो. काढलेलं खारं पाणी थेट गटारात, अंगणातल्या झाडाला नाही.

दगडावर तपकिरी धागे अजून दिसत होते आणि डॉक्टरांना तिसरी मात्रा हवी होती. दिली नाही. हायड्रॉइडच्या धावत्यावर कायटिनचं कवच असतं, आतला जीव मेला तरी ते रिकाम्या नळीसारखं चिकटून राहतं. भिंगाखाली नळी पारदर्शक दिसली तर मेलेलं, आत गुलाबी-पांढरी दोरी दिसली तर जिवंत. सगळ्या नळ्या रिकाम्या होत्या, फक्त रिटर्न पंपाच्या जाळीमागे, जिथे औषधाचं पाणी नीट फिरलं नव्हतं, तिथे एक कोपरा उरला होता. तो पंप काढून व्हिनेगरात बुडवला.

झोआ दहाव्या दिवसापासून उघडायला लागले. आर्टेमिया आता एक दिवसाआड, अर्धा क्यूब. किडे नसल्यामुळे उरलेलं अन्न आता वाळूतच सडणार, म्हणून दर आठवड्याला वाळूवरून सायफन.

गोगलगाई अजून टबातच आहेत. औषध दगडात मुरतं आणि आठवडेच नव्हे तर महिनेही झिरपत राहतं, त्यामुळे एकदम सोडायच्या नाहीत. एकच ट्रोकस चहाच्या प्लास्टिकच्या गाळणीत घालून टाकीत लटकवला आहे. आठवडाभर काचेला धरून चालत राहिला तर बाकीच्या जातील. पडून राहिला तर कार्बन बदलायचा, आणि महिनाभराने पुन्हा गाळणी.