साहेबांना विचारा

दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. तरी सकाळपासून जेएआयआयबीचं, म्हणजे बँक कर्मचाऱ्यांच्या परीक्षेचं, पुस्तक उघडून बसलेय. चार पेपर आहेत. पास झालं की पगारवाढ मिळते, हे नोकरीला लागल्यापासून ठाऊक होतं, पण फॉर्म कधी भरला नाही. आधीच्या शाखेत विषय काढला की साहेब म्हणायचे, "अभ्यास करा हो, पण काउंटर कोण सांभाळणार?" एकदा ट्रेनिंगला पाठवलं खरं. परत आल्यावर पुन्हा पासबुकं छापायला बसवलं. सर्टिफिकेट फायलीत गेलं. मग आपणही निबर होतो. ग्राहकाने काहीही विचारलं तरी तोंडातून एकच निघायचं, "साहेबांना विचारा."

इथल्या मॅडम काही देवमाणूस नाहीत. टार्गेटवरून त्याही डोकं खातात. पण पीक कर्जाचं टेबल माझ्याकडे दिलं, तेव्हा सुरुवातीला रोज दुपारी शेजारी खुर्ची ओढून बसायच्या. सातबाऱ्यावर 'इतर हक्क'मध्ये बोजा कुठे बघायचा, फेरफार कसा ताडून बघायचा, आठ-अ वरचं क्षेत्र जुळतं का, सगळं बोट ठेवून दाखवलं. चुकलं तर ग्राहकासमोर कधी बोलल्या नाहीत.

काल एक आजोबा आले होते. "कांद्याचे पैसे आले की पुढच्या महिन्यात भरतो," म्हणाले. मी कोऱ्या स्लिपच्या मागे मांडून दाखवलं: तीन लाखांपर्यंत व्याज सात टक्के, वेळेत भरलं तर केंद्राची तीन टक्के सूट, वर राज्याच्या पंजाबराव देशमुख योजनेतली सवलत. मुदत हुकली की दोन्हींवर पाणी. आजोबांनी तिथूनच मुलाला फोन लावला, "अरे, या बाई काय सांगतात ते ऐक." केबिनकडे बघायचं मला सुचलंही नाही.

परवा शिपाईकाकांनी हळूच विचारलं, क्लार्कच्या प्रमोशनचं पुस्तक कुठे मिळेल. रिटायरमेंटच्या गोष्टी करणारे काका!

एकच खटकतं. हे सगळं मॅडमच्या स्वभावावर चाललंय. उद्या त्यांची बदली झाली आणि जागी 'काउंटर कोण सांभाळणार'वाले आले, तर काकांचा फॉर्म कोण पुढे पाठवणार? म्हणून सोमवारीच तो भरून मॅडमची सही घेणार आहे. माझी परीक्षेची रजाही मंजूर झालीय, बदल्यात वसुलीचे फोन माझ्या गळ्यात. अकाउंटिंगचा पेपर मात्र अजून डोक्यात शिरत नाहीये.