तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या गल्लीतल्या आक्का कोण?

"कोपऱ्यावर ‘आक्कांची गल्ली’ अशी पाटी आहे, त्या आक्का कोण? नगरसेविका होत्या का?"

कुरिअरवाला विचारतो, नवीन भाडेकरू विचारतात, लग्नाची पत्रिका द्यायला आलेले पाहुणे चहा पिता पिता विचारतात. नव्हत्या, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "मग त्यांनी केलं काय?" याला मी आजवर दर वेळी वेगळं उत्तर दिलंय आणि दर वेळी समोरच्याचा चेहरा जरासा पडलाय. म्हणून एकदाच काय ते सविस्तर सांगते.

आमचं घर सिडकोत. नाशिकबाहेरच्या माणसाला सिडको म्हटलं की नवी मुंबई आठवते, पण आमचीही एक सिडको आहे. मुंबई-आग्रा महामार्ग आणि अंबडची औद्योगिक वसाहत यांच्या मधली, सहा योजनांत उभी राहिलेली. कागदावर तिचं नाव नवीन नाशिक. रिक्षावाल्याला तसं सांगून बघा एकदा. घरं लहान, भिंतीला भिंत लागून, राहणारे बहुतेक अंबड-सातपूरच्या कंपन्यांतले. आणि पत्ता म्हणजे आधी एन, मग आकडा, मग दोन इंग्रजी अक्षरं, मग तिरप्या रेघा मारत आणखी आकडे. माझ्या मामाला इतक्या वर्षांत आमचा पत्ता पाठ झालेला नाही. एक आकडा चुकला की माणूस दुसऱ्याच योजनेत जाऊन कुणाच्या तरी दारात उभा राहतो. त्यामुळे सिडकोत पत्ता खुणेनं सांगायचा. पिठाची गिरणी, मारुतीचं देऊळ, पाण्याची टाकी. आमच्या ओळीची खूण आक्का. "निळ्या दाराबाहेर ओट्यावर एक बाई बसलेल्या दिसतील, त्यांना विचारा." त्या बसलेल्या असायच्याच.

आता त्यांनी काय केलं ते.

त्यांच्या दाराच्या आत भिंतीवर एक फळी होती, खिळे ठोकलेली. खिळ्यांना ओळीतल्या घरांच्या किल्ल्या. आक्कांना वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक किल्लीला वेगळ्या रंगाची लोकर बांधलेली. आमची हिरवी. वडील फर्स्ट शिफ्टला, आई सातपूरला पॅकिंगच्या कामाला, आणि मी शाळेतून साडेबाराला घरी. पण किल्ली अशी हातात पडायची नाही. आधी डबा उघडून दाखवायचा. भाजी उरलेली दिसली तर तिथेच ओट्यावर बसून संपवायची, मग हिरवी लोकर. तिकडे सातपूरला माझी आई मशीनसमोर निवांत उभी राहू शकायची ती यामुळे, हे मला स्वतःला मूल झाल्यावर कळलं.

एकदा मी मोजल्या होत्या, एकोणीस किल्ल्या. ओळीत घरं बावीस. तीन घरांचं आक्कांशी पटत नव्हतं. हे सांगायलाच हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल मी देवीच उभी करतेय. तोंड फटकळ होतं त्यांचं. कुणाकडे कोण आलं, किती वेळ बसलं, जाताना हातात काय होतं, सगळ्याची नोंद. माझं कुणाशी जमलंय हे आईला त्यांच्याकडूनच कळलं. त्यावरून मी वर्षभर त्यांच्याशी बोलले नाही. किल्ली मात्र फळीवरच होती.

आणि पाणी. तेव्हा वरच्या टाक्या नव्हत्या आणि नळाची वेळ पक्की नव्हती, पहाटे कधीतरी यायचा. आक्का साडेचारला उठून नळाची तोटी उघडी टाकून बसायच्या. पाण्याआधी हवा येते, नळ सूं करतो. तो आवाज आला की त्या बाहेर, हातात किल्ली, आणि प्रत्येक फाटकाच्या सळईवर तीन ठोके. "पाणी येऊ राह्यलं! उठा!" ज्याच्या घरचा माणूस नाईट करून येणार किंवा नुकताच येऊन पडलेला असेल त्याचं फाटक वाजायचं नाही, मागच्या खिडकीवर बोटानं टकटक व्हायची. म्हणजे बावीस घरांच्या शिफ्टा या बाईला पाठ होत्या, आणि त्या दर आठवड्याला बदलायच्या. न पटणाऱ्या तीन घरांची फाटकंही वाजायची. जरा जोरात.

एवढंच. यापलीकडे त्यांनी काही केलं नाही.

आक्का २०२१ च्या एप्रिलमध्ये गेल्या. ते दिवस आठवत असतील तर पुढचं सांगायला नको. दवाखान्यातून परस्पर अमरधाम. देशभरातून लोक अस्थी घेऊन रामकुंडावर येतात, आणि आम्ही याच शहरात असून गंगेवर (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) गेला फक्त त्यांचा मुलगा आणि सोबत एक जण. ना दहाव्याला माणसं, ना तेराव्याला पंगत. जिनं आयुष्यभर आमची दारं वाजवली तिला दारातून निरोपसुद्धा देता आला नाही, हे घशात अडकून राहिलं. त्या वर्षी गणपतीत पाच-सहा जणांत आरती झाल्यावर कुणीतरी म्हणालं, ओळीला आक्कांचं नाव देऊ.

लगेच फाटे फुटले. एकाचं म्हणणं, द्यायचंच तर एखाद्या महापुरुषाचं द्या, कुणाचा विरोध होणार नाही. दुसरा, त्या तीन घरांपैकी एका घरातला, म्हणाला, "आक्का हे काय नाव झालं? ती तर हाक झाली." त्यावर आमच्या ओळीतले निवृत्त फिटर काका, एरवी कधी न बोलणारे, उभे राहिले. "पांडवलेण्याच्या पायथ्याला स्मारक कुणाचं? दादासाहेब फाळक्यांचं. कागदावर धुंडिराज. भाभानगरला सभागृह कुणाचं? दादासाहेब गायकवाडांचं. काळारामाचा सत्याग्रह लढवला त्यांनी १९३० साली. कागदावर भाऊराव. तात्यासाहेब शिरवाडकरांना विष्णू म्हणून कुणी हाक मारली होती का नाशकात?" आक्कांना एकदम त्या रांगेत नेऊन बसवणं जरा जास्तच होतं, पण मुद्दा बिनतोड होता.

मलाही एक मुद्दा सुचला होता, तो नंतर जिन्यात सुचतो तसा उशिराच. जुन्या नाशकात हुंडीवाला लेन आहे, गायधनी लेन आहे, तांबट लेन आहे. कुठल्या ठरावानं मिळाली ही नावं? दह्याचा बाजार भरायचा म्हणून दहीपूल. तिथे राहणाऱ्या, बसणाऱ्या, विकणाऱ्या माणसांवरून लोक पत्ता सांगत गेले आणि ती खूणच नाव झाली. व्हिक्टोरिया राणीचं नाव मात्र पुलावर कोरूनही टिकलं नाही, आज तो होळकर पूल आहे. म्हणजे नाव आम्ही देणारच नव्हतो. ते होतंच, फक्त लिहायचं राहिलं होतं.

पण लिहायला घेतलं आणि अडलं. रस्त्याला अधिकृत नाव द्यायचं तर प्रस्ताव महासभेत मंजूर व्हावा लागतो, आणि अर्जाला त्या व्यक्तीचा परिचय जोडायचा. माझं अक्षर बरं म्हणून काम माझ्याकडे आलं. पहिल्याच ओळीत लक्षात आलं की आक्कांचं पूर्ण नाव कुणालाच माहीत नाही. लाइटबिल नवऱ्याच्या नावावर. मुलगा घाईत काहीतरी माहेरचं-सासरचं एकत्र करून सांगत होता. शेवटी मतदारयादीत सापडलं. ते इथे लिहीत नाही, कारण ते वाचून आमच्यातल्या एकालाही आक्का आठवल्या नाहीत. शिवाय आडनाव आलं की मागोमाग जात येते. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय राज्य सरकारनं २०२० च्या डिसेंबरात घेतलेला, आणि आम्ही इथे उलटी गंगा कशाला वाहवायची? ‘आक्का’वर सगळ्यांचं एकमत झालं. त्या तीन घरांचंही.

मग ‘सामाजिक योगदान’. आधी ‘ज्येष्ठ समाजसेविका’ लिहिलं आणि खोडलं, आक्कांनी ऐकलं असतं तर पदर तोंडाला लावून हसल्या असत्या. ‘किल्ल्या सांभाळत असत’ लिहिलं, तर एखाद्या वॉचमनचा दाखला वाटायला लागला. शेवटी जे गेलं ते असं: ‘परिसरातील रहिवाशांना पहाटे पाणी आल्याची सूचना देत असत.’ खाली एकवीस घरांच्या सह्या, बाविसाव्या घराला कुलूप होतं. अर्ज गेला, पुढे २०२२ च्या मार्चमध्ये नगरसेवकांची मुदत संपली, महापालिकेवर प्रशासक आले आणि पाठपुरावा करायचा कुणाकडे हेच आम्हाला उमगेना. राहिलं ते राहिलं.

तेव्हा ही पाटी सरकारी नाही, हेही सांगून टाकते. आक्कांच्या मुलानं स्वतःच्या भिंतीवर ती रंगवून घेतली. पेंटर ‘आक्का मार्ग’ लिहायला निघाला होता. ज्या बोळात दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागतं, त्याला मार्ग कसा म्हणणार? पाचव्या घरातल्या मुलानं गूगलच्या नकाशावरही ते नाव टाकलं आणि काही दिवसांनी ते तिथे दिसायला लागलं. आता पार्सलवाली पोरं फोन न करता येतात.

फळी अजून त्या घरात आहे. किल्ल्या ज्यांच्या त्यांना परत दिल्या, चार उरल्या. ती घरं कधीच विकली गेली, कुलपं बदलली, लोकर तेवढी तशीच.

तर तुम्ही येणार असाल तर त्रिमूर्ती चौकापर्यंत या आणि नकाशात ‘आक्कांची गल्ली’ टाका. तिथे चुकून ‘अक्का’ लिहिलंय, तीच आमची. एन-बिन टाकत बसू नका. आणि सकाळी लवकर आलात तर फाटक वाजवू नका, समोरचे या आठवड्यात नाईटला आहेत.