आमची वाटचाल: डॉक्टरांनी लिहिलं तेवढंच

नाशिकला कॅनडा कॉर्नरजवळ दोन खोल्यांत आम्ही मेडिकल कोडिंग सुरू केलं, तेव्हा नातेवाइकांना ते कॉल सेंटर वाटायचं. काहींना अजूनही वाटतं. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या नोंदी वाचून निदानाला कोड लावायचा, त्यावर तिथल्या विम्याचं गणित चालतं, एवढंच हे काम. १ ऑक्टोबर २०१५ ला तिकडे आयसीडी-१० ही निदानाच्या कोडची नवी यादी आली, कोड कित्येक पटींनी वाढले आणि आमच्यासारख्या छोट्यांनाही काम मिळू लागलं.

आधी मिळेल ते घेतलं, मग कार्डिओलॉजीवर स्थिरावलो. तिथे कोडरचा खरा कस लागतो. रुग्णाच्या हृदयाच्या मूळ धमनीत ब्लॉकेज आहे, अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं) नाही, तर आय२५.१०. अस्थिर अंजायना असेल तर आय२५.११०, प्रकारच लिहिला नसेल तर आय२५.११९. डॉक्टरांनी अंजायनाचं दुसरं कारण दिलं नसेल, तर ब्लॉकेज आणि अंजायना एकमेकांशी जोडलेलेच धरायचे. सुटे कोड लावायचे नाहीत. बायपासच्या नसेतच ब्लॉकेज झालं तर आय२५.७ ची निराळी रांग. हार्ट अटॅक जुना, त्यावर आता उपचार नाहीत, तर आय२५.२.

आमच्याकडे बहुतेक बी.फार्म. आणि बीएचएमएस झालेली मुलं. रिपोर्ट वाचला की निदान त्यांना आपोआप दिसतं, आणि मी नेमका तिथेच हात धरतो. छातीत दुखतं, नायट्रोग्लिसरिन हे अंजायनावरचं औषध चालू आहे, पण 'अंजायना' कुठेच लिहिलेलं नाही? मग तो कोड लावायचा नाही. डॉक्टरांना क्वेरी पाठवायची, तीही 'अंजायना आहे ना?' अशी नाही. लक्षणं आणि औषध समोर मांडून 'हे औषध कशासाठी, नोंदवाल का?' असं विचारायचं. ओपीडीच्या नोंदीत 'शक्यता' लिहिली असेल तर तिचाही कोड होत नाही.

क्वेरीत फायली अडकतात, बिलं लांबतात. एका क्लायंटने यावरूनच आम्हाला सोडलं; त्याला रोजच्या रोज ढीग उपसून हवा होता. दुसऱ्याने मात्र आमच्या क्वेरी वाचूनच इतरांनी कोड केलेल्या फायली तपासायला दिल्या. आज ऑडिटचं काम कोडिंगच्या बरोबरीला आलंय, आणि मला तेच जास्त आवडतं.

मोठे बदल दर १ ऑक्टोबरला लागू होतात. औषधांना न जुमानणाऱ्या अंजायनाचा आय२५.११२ असाच २०२२ मध्ये आला. म्हणून सप्टेंबरात आमच्याकडे कुणालाही सुट्टी नाही. गणपतीचे दिवस सोडून, अर्थात.