खिडकीतली बैठक आणि दीड फुटी ओली भिंत

परवा त्या वॉटरप्रूफिंगवाल्याचा मेसेज आला. दिवाळीनिमित्त दहा टक्के सूट, जुन्या ग्राहकांना प्राधान्य. मी जुनी ग्राहक! मोबाइल पालथा ठेवला आणि म्हटलं, आता हे सगळं लिहूनच काढावं. घरात वाचायला एक कोपरा करायचाय असं ज्यांच्या मनात आहे, त्यांचे तरी पैसे वाचतील.

दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या पुस्तकांच्या चार ट्रंका माझ्याकडे आहेत. दादा करवीर नगर वाचन मंदिराचे जुने सभासद. १८५० साली सुरू झालेल्या वाचनालयाचं कार्ड आपल्या खिशात आहे याचा त्यांना फार अभिमान होता. तिथून आणायचे, वाचायचे, आवडलं की तेच पुस्तक पुन्हा विकत घ्यायचे. ते गेल्यावर भावाच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये ट्रंका ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्या कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या घरी आल्या आणि माळ्यावर गेल्या. मला त्यातली पुस्तकं उघड्यावर, हाताशी हवी होती.

जागा ठरवायला एक संध्याकाळ लागली. आमचं घर सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं. खाली काळा दगड, वर विटा, डोक्यावर मंगलोरी कौलं. सोप्याच्या आतल्या खोलीला बोळाच्या बाजूने एक खिडकी आहे. जुन्या घरांत असते तशी जमिनीपासून हातभर उंचीवर, खाली बसलं तरी बाहेरचं दिसावं अशी. भिंत दीड फूट जाडीची, त्यामुळे खिडकीतच एक कट्टा तयार झालेला. तोंड उत्तरेला. ऊन थेट आत येत नाही, पण दिवसभर सारखा उजेड असतो. याहून चांगली जागा मागूनही मिळाली नसती.

फक्त त्या कट्ट्याच्या खालची आणि शेजारची भिंत ओली होती. कमरेपर्यंत रंग फुगलेला, पोपडे आलेले. हात फिरवला की पांढरी भुकटी बोटाला लागायची. आमच्याकडे त्याला लोणा म्हणतात.

२०२३ च्या मे महिन्यात एका ओळखीतून हा वॉटरप्रूफिंगवाला आला. भिंतीवर दोनदा थाप मारली आणि म्हणाला, "काय बी काळजी करू नका मॅडम. दोन हात मारले की दहा वर्षं बघायला नको." मी विचारलं, पाणी येतंय कुठून? तर म्हणे, "पावसाळ्यात कोल्हापुरात ओल असणारच की." चार दिवसांत पोपडे खरवडले, कसलंसं पांढरं केमिकल दोनदा मारलं, त्यावर पुट्टी, त्यावर ऑइलपेंट. ९,५०० रुपये. भिंत आरशासारखी झाली. मी लगेच ट्रंका खाली काढल्या आणि तयार मिळणारं एक लोखंडी शेल्फ भिंतीला टेकवून पुस्तकं लावली.

जुलै उजाडला. पाऊस लागून दोन आठवडे झाले असतील. सर्वांत खालच्या कप्प्यातलं एक पुस्तक ओढलं, तर ते शेजारच्याला घेऊनच आलं. दोघांची पुठ्ठ्याची बांधणी एकमेकींना चिकटली होती. सोडवताना दादांची सही असलेलं पहिलं पान अर्धं त्या दुसऱ्या पुस्तकाला चिकटून राहिलं. त्यांची सही मोठी होती, जांभळ्या शाईची, खाली तारीख. शाई पसरून आडनाव पुसून गेलं होतं. मागे भिंतीवर तळहाताएवढा फुगा आला होता. बोटाने दाबला तर पाणी हाताला लागलं.

फोन केला. "पावसात काम होत न्हाई, उघडीप पडू दे." ऑगस्ट गेला. "गणपती होऊ देत." गणपती झाले. "आता नवरात्रात पोरं येत न्हाईत." मधल्या काळात आठवड्यातून दोनदा मी फोन करत होते, कधी तो उचलायचा, कधी नाही. सासूबाई म्हणायच्या, "अगं, पैसे दिलेत ना, मग आता तो कशाला येतोय?" शेवटी दिवाळीनंतर आला. गॅरंटीत फुकट करून देतो म्हणाला आणि साहित्याचे म्हणून ५,००० घेतले. पुन्हा खरवडणं, पुन्हा केमिकल, पुन्हा पुट्टी. मी या वेळीही विचारलं, पाणी कुठून येतंय? उत्तर आलंच नाही. तेव्हाच त्याला थांबवायला हवं होतं. जो माणूस पाण्याची वाट शोधत नाही, त्याच्या हातात ब्रश देऊ नये, हे मला १४,५०० रुपये घालवल्यावर कळलं.

जानेवारीत, पावसाचा थेंब नसताना, लोणा पुन्हा आला. आणि या वेळी आधीपेक्षा वितभर वर.

इथे एक सांगून ठेवते, कारण हे मला फार उशिरा समजलं. ओल कुठली आहे हे घरच्या घरी तपासता येतं. भिंत ब्रशने झाडून घ्या. स्वयंपाकघरातल्या फॉइलचा फूटभर तुकडा तिच्यावर ठेवून चारी कडा टेपने घट्ट बंद करा. दोन दिवसांनी बघा. थेंब फॉइलच्या भिंतीकडच्या अंगाला असतील तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या अंगाला असतील तर तो हवेतला दमटपणा, त्याला हवा खेळती ठेवणं आणि पंखा पुरतो. माझ्या फॉइलच्या मागे धार लागली होती.

मग जिऊबाईंच्या, म्हणजे शेजारच्या काकूंच्या ओळखीने एक म्हातारे गवंडी आले. मी त्यांना मामाच म्हणते. त्यांनी भिंतीला हात लावला नाही. आधी बोळात गेले, उकिडवे बसले आणि मला हाक मारली. "वैनी, ह्यो कोबा कवा केलासा?" २०११ साली, मी सांगितलं. त्याच वर्षी बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता आणि बोळात चिखल होतो म्हणून सिमेंटचा कोबा. मग त्यांनी वर बघितलं. कौलांच्या कडेला पन्हाळ नव्हती. पागोळ्यांचं सगळं पाणी कोब्यावर पडत होतं, उडून भिंतीवर जात होतं आणि उरलेलं भिंतीच्या पायाशी साठत होतं, कारण कोब्याचा उतारच भिंतीकडे होता.

"पूर्वी मातीत मुरायचं," मामा म्हणाले. "आता मुराय जागा न्हाई म्हणून भिंत पितीया. आणि बाहीरनं सिमेंट, आतनं ऑइलपेंट. पाणी निगंल कुठनं? नाक दाबलंय तुमी हिचं."

मला आठ महिने जे कुणी सांगितलं नव्हतं ते त्यांनी दहा मिनिटांत सांगितलं. जुनी भिंत मातीत आणि चुन्यात बांधलेली असते. ती थोडं पाणी घेते आणि उन्हाळ्यात हवेत सोडून देते. तिच्यावर सिमेंट आणि ऑइलपेंट चढवला की सोडायची वाट बंद. मग पाणी वर चढत राहतं, सोबत क्षार आणतं, ते रंगाच्या मागे साठतात आणि रंग ढकलून देतात. म्हणजे जितका जाड लेप, तितका लोणा वर. माझी वितभर चढलेली ओल ही त्या दुसऱ्या लेपाची करणी होती.

फेब्रुवारीत काम सुरू केलं. भिंतीलगतचा कोबा फूटभर रुंदीचा फोडला, आतल्या जमिनीच्या पातळीपेक्षा खोल चर काढली, तिला पुढच्या गटाराकडे उतार दिला आणि ती खडीने भरली. कौलांना पत्र्याची पन्हाळ बसवली. आत-बाहेर दोन्हीकडचा गिलावा छातीपर्यंत काढून टाकला. त्यानंतर मामा म्हणाले, "आता दोन म्हैने भिंतीकडं बघायचं न्हाई."

ते दोन महिने मला फार जड गेले. खोलीत नुसत्या विटा, रोज झाडलं तरी रोज माती, पाहुणे आले की तेच तेच सांगणं. मुलगी म्हणाली, आई, एक बीनबॅग आणून टाक ना खिडकीत. मी रोज सकाळी विटांवर पांढरं फूल आलंय का बघायचे आणि कोरड्या ब्रशने झाडायचे. हे झाडणं महत्त्वाचं आहे. ओल्या फडक्याने पुसलं तर क्षार विरघळून परत आत जातात. मार्चअखेर फूल येणं कमी झालं. एप्रिलच्या मध्यात थांबलं.

चुन्याचं काम बघण्यासारखं होतं. कळीचा चुना पाण्यात सोडला की तो उकळतो, पिंपातून वाफा येतात. त्या वेळी मुलांना लांब ठेवा आणि डोळे सांभाळा, एक थेंबही वाईट. तो मामांनी दोन आठवडे मुरत ठेवला, मग त्यात वाळू आणि विटांची भुकटी, म्हणजे सुरखी मिसळली, आणि गुळाचं पाणी घातलं. गूळ आपल्या कोल्हापूरचाच. खोलीत तीन दिवस गुऱ्हाळासारखा वास होता. गिलाव्यावर आठवडाभर दिवसातून दोनदा हलकं पाणी शिंपडायचं काम माझ्याकडे होतं, कारण चुना सिमेंटसारखा झटपट धरत नाही, हवा घेत सावकाश कडक होतो. शेवटी चुन्याचीच सफेदी. चर, पन्हाळ, गिलावा, मजुरी धरून २३,००० गेले. एका पैशाचं वाईट वाटलं नाही.

तरीही त्या वर्षी मी पुस्तकं लावली नाहीत. एक पावसाळा भिंतीला मोकळं सोडायचं ठरवलं. २०२४ चा जुलै आठवत असेलच. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली होती. आमच्या गल्लीत पुराचं पाणी येत नाही, पण पाऊस हटत नव्हता. मी रात्री उठून टॉर्च घेऊन भिंत बघायचे. एकदा अहो जागे झाले आणि काही न बोलता माझ्याबरोबर येऊन त्यांनीही हात लावून बघितला. थंड होती, पण ओली नव्हती. त्या रात्री मी शांत झोपले.

सुताराचं काम दिवाळीत आठ दिवसांत झालं, त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. कट्टा दीड फुटाचा होताच, त्याला आतल्या बाजूने सहा इंचांची फळी वाढवली, दोन फूट रुंद बैठक झाली. पाय वर घेऊन बसता येतं. शेल्फसाठी प्लायवूड घेताना त्यावरचा शिक्का बघा. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, दमट जागेत तोच घ्यावा. दुकानदार "सगळं वॉटरप्रूफच असतंय" म्हणतो, तरी शिक्का बघा. १८ मिलिमीटरच्या फळीला अडीच फुटांवर आधार द्यायला लावा. पुस्तकांचं वजन फार असतं, लांब फळी वर्षभरात पोटाला वाकते. शेल्फ भिंतीपासून दोन इंच पुढे आहे आणि तळचा कप्पा जमिनीपासून सहा इंच वर. मागे पाठ लावली नाही, हवा फिरू दिली.

चुन्याची सफेदी कपड्यांना लागते, हे आधी लक्षात आलं नव्हतं. म्हणून पाठीमागे सासऱ्यांची जुनी घोंगडी टांगली आहे. लोकरीला टेकून बसायला पावसात फार छान वाटतं. गादी पिंजाऱ्याकडून कापसाची करून घेतली, ती उघडीप मिळेल तेव्हा उन्हात टाकावीच लागते. दिवा डाव्या खांद्यामागे, पिवळसर प्रकाशाचा, ९ वॉटचा. पांढऱ्या दिव्यात रात्री डोळे शिणतात असं माझं मत आहे, अहोंना पांढराच आवडतो.

आणखी एक. ट्रंकेतली पुस्तकं तशीच शेल्फवर चढवू नका. प्रत्येक पुस्तक उघडून कसर आहे का बघा, मऊ ब्रशने शिवणीपाशी झाडा आणि दोन दिवस सावलीत पंख्याखाली उभी ठेवा, पानं थोडी पसरून. कडक उन्हात नको, कागद ठिसूळ होतो. मला चार ट्रंकांना तीन रविवार लागले. आर्द्रता दाखवणारं एक छोटं यंत्र ऑनलाइन तीनशे रुपयांना मिळतं, ते शेल्फवर ठेवलंय. आकडा ७० च्या वर बराच वेळ राहिला तर बुरशीची भीती, तेव्हा मी पंखा सुरू ठेवते.

या वर्षीचा पावसाळा पुस्तकं लावून काढला. खालच्या कप्प्यातलं एकही पुस्तक दुसऱ्याला चिकटलं नाही. ज्याची सही गेली, ते पुस्तक वरच्या कप्प्यात, हाताला लगेच येईल असं ठेवलंय. अर्धं पान दुसऱ्या पुस्तकावरून सोडवून परत त्यात घातलंय. जांभळा डाग आहे, तारीख वाचता येते.

मामा दसऱ्याला सोनं द्यायला आले होते. बैठकीवर बसले नाहीत, "कपड्याला माती हाय" म्हणाले. वाकून भिंतीच्या तळाला उलटा हात लावला, बोटं बघितली आणि चहा मागितला.