शेजारचे पुस्तक

ग्रंथालयात नवे पुस्तक शोधायला गेलेल्या वाचकाला मनात ठरवलेले पुस्तक बहुधा मिळतेच. पण जीव जडतो तो त्याच्या शेजारच्या, कधी नावही न ऐकलेल्या पुस्तकावर. हा शेजार योगायोगाचा नसतो. अमेरिकन ग्रंथपाल मेल्व्हिल ड्यूई यांनी १८७६ साली ज्ञानाचे दहा वर्ग पाडून, पुस्तकांना विषयवार क्रमांक देणारे दशांश वर्गीकरण मांडले, आणि पूर्वी कपाटातल्या ठरावीक जागेला बांधलेली पुस्तके विषयानुसार एकमेकांजवळ येऊ लागली. तरीही एकच विषय किती घरी विखुरलेला असतो! मीठ हे रसायन म्हणून ५४६ क्रमांकाशी भेटते, स्वयंपाकातला जिन्नस म्हणून ६४१शी, आणि त्याच्यावरच्या करांवरून झालेले तंटे इतिहासाच्या नऊशेच्या ओळीत जाऊन बसतात. कायम कादंबऱ्यांच्या कपाटापाशीच घुटमळणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही.

गणिताचे अध्यापक असताना ग्रंथपाल झालेल्या रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतले ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ हे सूत्र मला विशेष प्रिय आहे, कारण त्यात शोधाची निम्मी जबाबदारी पुस्तकाच्या बाजूने विचारात घेतली आहे. वाचकाला कपाटांमधून मोकळेपणी फिरू द्यावे, हा आग्रह त्यातूनच येतो. संगणकाच्या शिफारशी मात्र बहुधा आपल्या आणि आपल्यासारख्यांच्या मागच्या निवडींवर बेतलेल्या असतात, त्यामुळे एक रहस्यकथा वाचली की पुढे रहस्यकथांचीच रांग लागते.

मलपृष्ठावर माझा फारसा विश्वास नाही. तिथे प्रत्येक पुस्तक अपूर्वच असते. त्यापेक्षा शेवटची पाने आधी उघडावीत. चांगल्या कथेतर पुस्तकाची संदर्भसूची म्हणजे लेखकाने स्वतः वाचून पारखलेली यादीच असते, आणि तीन वेगवेगळ्या सूच्यांत एकच नाव आढळले तर ते पुस्तक खुशाल मागवावे. ऐतिहासिक कादंबरीला सूची नसली तरी ऋणनिर्देशात एखाद्या प्रवासवर्णनाचा किंवा पत्रसंग्रहाचा उल्लेख सापडतो, आणि कल्पितातून वास्तवाकडे जाणारी वाट तिथून फुटते.

कवितासंग्रहाच्या बाबतीत यातली एकही युक्ती चालत नाही. तो मधूनच कुठेतरी उघडावा, समोर येईल ती कविता उभ्या उभ्या वाचावी, आणि पान उलटावेसे वाटले तर संग्रह घरी न्यावा.