भांडण मात्र नेमकं उतरलंय

१७ सप्टेंबर हा कवी दिलीप चित्रे यांचा जन्मदिवस. त्या निमित्तानं आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात मी त्यांची पुस्तकं एका टेबलावर मांडते. एरवी ती एकत्र येतच नाहीत. 'एकूण कविता' मराठी कवितेच्या कपाटात, इंग्रजी कविता पार पलीकडे, 'सेज तुका' अनुवादांत. १९३८ साली बडोद्यात जन्मलेला, वडिलांच्या 'अभिरुची' मासिकाच्या सहवासात वाढलेला, इथिओपियात शिकवून आलेला, 'गोदाम'सारखा सिनेमा करणारा हा माणूस एका कपाटात मावणार तरी कसा! १९९४ साली त्यांना साहित्य अकादमीचे दोन पुरस्कार मिळाले: एक स्वतःच्या मराठी कवितेसाठी, दुसरा 'सेज तुका' या तुकोबांच्या इंग्रजी अनुवादासाठी. त्यांच्यातला कवी आणि अनुवादक वेगळे काढू नका, असं मी मुलांना सांगते ते यामुळेच.

त्या दिवशी इंग्रजी विषय घेतलेला आमचा एक विद्यार्थी आजोबांना घेऊन आला. गळ्यात तुळशीची माळ, कपाळी बुक्का. दाराशीच चपला काढून आत आले.

"तुकोबा इंग्रजीत गेलेत म्हणतो हा. बघू म्हटलं, ताई."

"बसा माउली," मी म्हटलं आणि कपाटातून गाथा काढून आणली.

नातू 'सेज तुका'मधली कविता वाचायचा आणि तिचा अर्थ साध्या मराठीत सांगायचा. आबा डोळे मिटून ऐकत. शब्द हेच आमचं धन, तेच आम्ही लोकांना वाटतो, एवढं तो सांगतो न सांगतो तोच आबांनी सूर लावला, "आम्हां घरीं धन शब्दांचीच रत्नें..." वाचनकक्षातल्या मुलांनी माना वर केल्या. गप्प राहा म्हणायचं काम माझं, पण मला म्हणवेना. मी गाथेत अभंग शोधून त्याचा क्रमांक चिठ्ठीवर लिहीत गेले. काही ठिकाणी आबा अडायचे, "पुन्हा सांग" म्हणायचे, बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवायचे. मग अभंग सापडायचा.

मधेच ते म्हणाले, "याला चाल नाही रे."

खरं होतं ते. अभंगाचं यमक, टाळाचा ठेका चित्र्यांनी इंग्रजीत ओढून आणला नाही. बोलणारा माणूस तेवढा धरला. माझ्या मते तो निर्णय योग्यच होता. यमक जुळवत बसले असते तर तुकोबांच्या बोलण्यातली धग गेली असती. मी हे आबांना सांगणार, तेवढ्यात नातवानं विठ्ठलाशी हुज्जत घालणारी कविता वाचून अर्थ सांगितला. आबा मोठ्यानं हसले.

"चाल नसू दे. भांडण मात्र नेमकं उतरलंय. देवाशी भांडल्याशिवाय हे कुणाला लिहिता येत नाही."

चित्र्यांच्या अनुवादाबद्दल एवढं नेमकं मी कुठल्याच चर्चासत्रात ऐकलेलं नाही. अनेक वर्षं तुकोबांपाशी राहिलेला, स्वतः कवी असलेला माणूस त्या पानांमागे आहे, हे इंग्रजीचं अक्षर न येणाऱ्या वारकऱ्यानं ओळखलं होतं.

मी त्यांना 'पुन्हा तुकाराम' दाखवलं. तुकोबांवरचं चित्र्यांचं मराठी पुस्तक. आबांनी ते आधी कपाळाला लावलं, मग चष्मा लावून तिथंच वाचायला घेतलं. नातवानं चित्र्यांनी इंग्रजीत नेलेला नामदेव ढसाळ उचलला. दोन्ही पुस्तकं मी त्याच्याच कार्डावर इश्यू केली.